कागदाचं वय

मे महिन्यात शेततळ्यावर गेलेला माणूस आधी काठची ओली रेघ बघतो. काल पाणी कुठवर होतं आणि आज कुठं आलंय, ते त्या रेघेवरून कळतं. सकाळी सहाच्या सुमाराला ती काळ्या कागदावर ठसठशीत दिसते. ऊन वर आलं की वाळून जाते. म्हणून सांगोला-आटपाडीच्या पट्ट्यात बागायतदाराची उन्हाळ्यातली पहिली फेरी तळ्याच्या बांधावर होते. रेघ बोटभर असली की तो निवांत चहाला परततो. दोन बोटं दिसली की मान खाली घालून बांधाच्या बाहेरच्या अंगाने अख्खं तळं फिरून येतो. कुठं ओल आहे का, ऐन उन्हाळ्यात कुठं हिरवं उगवलंय का, हे बघत.

तळं गळतंय ही शंका एकदा मनात शिरली की तिच्यामागोमाग दुसरी येतेच. ठिगळ लावायचं की कागदच बदलायचा? हा प्रश्न सध्या महाराष्ट्रात बऱ्याच बांधांवर एकदमच उभा आहे, आणि त्याला कारणही आहे. राज्य सरकारची ‘मागेल त्याला शेततळे’ ही योजना २०१६ साली आली. जास्तीत जास्त ५० हजारांचं अनुदान होतं. त्याआधीही फलोत्पादन अभियानातून सामूहिक शेततळी होत होतीच. सांगोल्याचं डाळिंब असो, नाशिककडची द्राक्षं असोत की जालन्याजवळच्या कडवंचीचे मळे असोत, उन्हाळा काढायचा तो तळ्याच्या जिवावर. त्या वर्षांत अंथरलेले कागद आता वयात आले आहेत, किंवा खरं सांगायचं तर उतारवयाला लागले आहेत.

कागद म्हणतात, असतं ते पॉलिथिन. ५०० मायक्रॉन, म्हणजे अर्धा मिलिमीटर जाडीचं. तीस मीटर लांब, तीस मीटर रुंद, तीन मीटर खोल आणि एकास एक उताराचं तळं घेतलं, तर त्यात सुमारे २२ लाख लिटर पाणी मावतं. तळ, चारी उतार आणि वर बांधावरच्या चारीत दाबायची कड धरून कागद लागतो साडेअकराशे चौरस मीटरच्या आसपास. वजन भरतं पाचशे किलोच्या वर. एवढा कागद खड्ड्यात उतरवायला, ओढायला आणि चारीत गाडायला शेजारपाजारची पंधरा-वीस माणसं बोलवावी लागतात. त्यांना जेवण घालावं लागतं. ‘बदलून टाकू’ हे दोन शब्द बांधावर उभं राहून म्हणायला सोपे आहेत. त्यामागे हे सगळं असतं.

माझ्या थोरल्या बहिणीचं घर सांगोल्याच्या बाजूला. दाजींची डाळिंबाची बाग आहे, त्यांचं तळं याच मापाचं. दाजी बोलतात कमी, पण पाण्याच्या बाबतीत त्यांच्याइतका शांत माणूस मी बघितलेला नाही. मागच्या उन्हाळ्यात काठची रेघ रुंदावायला लागली तेव्हा घरात सगळ्यांची मतं तयार होती. अक्का म्हणाली, कागद गेला. धाकटा पुतण्या म्हणाला, उंदीर. मी पुण्याहून आलेला, मला मत असण्याचं कारण नव्हतं, तरी होतं. दाजी एवढंच म्हणाले, “पाव्हणं, ऊन पितंय का भोक पितंय, ते आधी कळू द्या. मग पैशाचं बघू.”

हे कळायला लागते ती एक बादली. ती दोन तृतीयांश भरायची, आत पाण्याच्या पातळीवर खूण करायची आणि दोराने बांधून तळ्याच्या पाण्यात अर्धी बुडेल अशी सोडून द्यायची, म्हणजे दोन्हीकडचं पाणी सारखंच तापतं. तळ्यात एक उभी काठी रोवून किंवा मोटारीच्या पाइपावर रंगाने खूण करून बाहेरची पातळी नोंदवायची. त्या दिवशी मोटार बंद ठेवायची. चोवीस तासांनी दोन्ही बघायचं. बादलीतलं आणि तळ्यातलं पाणी सारखंच उतरलं असेल तर चोर वर आहे, आभाळात. तळ्यातलं जास्त उतरलं असेल तर खाली.

इथे एक बारीक गोष्ट आहे, ती सांगायलाच हवी. उतारावर पडलेली ओली रेघ पाण्याची उतरण वाढवून दाखवते. एकास एक उतारावर पाणी एक सेंटिमीटर खाली गेलं की कागदावर ते जवळजवळ दीड सेंटिमीटर दिसतं. सकाळी उठून नुसती रेघ बघणारा माणूस रोज दीडपट घाबरतो. म्हणून काठी उभी हवी. दाजींनी काठीवर सेंटिमीटरच्या खुणा केल्या होत्या, शाळेतल्या पट्टीवरून मापून, आणि त्या खुणांवर अक्काचं नेलपॉलिश लावलं होतं. पाण्यात तेवढंच टिकतं, म्हणाले.

आता हिशेब बघा. आपल्या पठारावर मे महिन्यात उघड्या पाण्यातून दिवसाला आठ ते दहा मिलिमीटर पाणी वाफ होऊन जातं. तळं अर्ध्या खोलीवर आलेलं असेल तर पाण्याचा पसारा सव्वासातशे चौरस मीटरच्या आसपास राहतो. आठ मिलिमीटर धरले तरी रोज ५,८०० लिटर गेले. एक छोटा टँकर. आणि भोक? दोन मीटर पाण्याच्या दाबाखाली पाच मिलिमीटरचं, म्हणजे पेन्सिलीपेक्षा बारीक भोक असेल आणि कागदाखाली पाण्याला सहज वाट देणारा मुरूम असेल, तर दिवसाला सहा हजार लिटरच्या घरात पाणी त्यातून जाऊ शकतं. खाली काळी चिकण माती असेल तर ती भोकाला बरंचसं दाबून धरते आणि गळती पुष्कळ कमी होते. म्हणजे मुरमाड रानात ऊन आणि एक बारीक भोक हे सारख्याच ताकदीचे आहेत. डोळ्यांना दोघांतला फरक कळणार नाही. भर उन्हाळ्यात मोठ्या डाळिंबाच्या झाडाला दिवसाला चाळीस लिटरच्या आसपास पाणी लागतं असं धरलं, तर त्या एका भोकातून दीडशे झाडांचं पाणी जातं. आणि बादली न बघता कागद बदलणारा माणूस, दोष उन्हाचा असेल तर, लाखभराचा खड्डा खिशाला पाडून पुन्हा तेवढंच पाणी घालवत बसतो.

दाजींच्या बादलीने भोकाच्या बाजूने कौल दिला. तळ्यातलं पाणी बादलीपेक्षा जास्त उतरलं होतं.

याच सुमाराला भाच्याचा फोन आला. तो न्यू जर्सीत असतो. घरामागे पोहण्याचा तलाव आहे, आणि त्याच्याही तलावाचं अस्तर गळत होतं. बाप दुष्काळी भागात डाळिंबासाठी पाणी साठवतो, मुलगा पोरांना डुंबायला साठवतो, आणि दोघांच्या पुढ्यात एकच प्रश्न. अक्काला याचं फार हसू आलं. गंमत अशी की तिकडच्या विनाइल अस्तराची जाडी वीस मिल धरतात. मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग. वीस मिलचे मायक्रॉन काढले तर ५०८ होतात. सांगोल्याचा कागद आणि न्यू जर्सीचं अस्तर जाडीला जवळजवळ एक.

पण जात वेगळी. भाच्याने मोठ्या उत्साहाने दुरुस्तीचा संच पाठवला, ट्यूबमधला गोंद आणि निळ्या अस्तराचे तुकडे. तिकडे पाण्याखाली डुबकी मारूनसुद्धा ठिगळ लावता येतं, तलाव उपसावाही लागत नाही. उलट तो उपसू नये असंच सांगतात, कारण जुनं विनाइल उघडं पडलं की आकसतं आणि पुन्हा ताणताना फाटतं. दाजींनी तो गोंद आपल्या कागदाच्या एका तुकड्यावर लावून बघितला. वाळल्यावर नखाने उचकटला तर सालपट निघावं तसा अख्खा सुटून आला. यात गोंदाचा दोष नव्हता. विनाइल म्हणजे पीव्हीसी, त्याला गोंद विरघळवून धरून ठेवतो. पॉलिथिनला कुठलाच गोंद नीट धरत नाही. तेलाच्या कॅनला किंवा घरातल्या बादलीला पडलेली चीर फेविकॉलने सांधायचा प्रयत्न ज्यांनी केला असेल त्यांना हे ठाऊक आहे. पॉलिथिनला पॉलिथिनच जोडावं लागतं, तेही दोन्ही तापवून. बुटिलची चिकटपट्टी मारून आठ-पंधरा दिवस निभावतात, पण ते निभावणंच. तेव्हा दुरुस्ती की बदल, या प्रश्नाच्या आधी एक छोटा प्रश्न येतो: तुमचं अस्तर कशाचं आहे? शेजाऱ्याचा उपाय आपल्याला चालत नाही, याचं कारण पुष्कळदा एवढं साधं असतं.

भोक शोधायचं काम चिकाटीचं. एक सोपी युक्ती म्हणजे वाट बघणं. गळणारं पाणी भोकाच्या पातळीला आलं की उतरायचं थांबतं, मग फक्त ऊन पितं. त्या पातळीवर चारी बाजूंनी फिरून बघायचं. पण बाग तहानलेली असताना पाण्याला तिथवर जाऊ द्यायची ऐपत प्रत्येकाची नसते. मग बांधाच्या पायथ्याची ओल शोधायची. दाजींच्या तळ्याच्या पूर्व अंगाला, सगळं रान करपलेलं असताना, हातभर पट्टा हिरवा होता. तिथून आत सरळ रेघ धरली आणि पाण्याच्या थोडं वर, कागदाला लहानसा फुगवटा असलेल्या जागी, एक चीर आणि तिच्या खाली पाण्यात दुसरी सापडली.

चिरी पडतात कशाने? कागद विकणाऱ्याला विचारलं तर तो म्हणतो, वापरणाऱ्याच्या हयगयीने. वापरणाऱ्याला विचारलं तर कागदच खोटा. खरं बऱ्याचदा तिसरंच असतं. लव्हाळ्याचा कोंब खालून कागद टोचून वर येतो. हरळीही काही कमी नाही. खेकडा बांध पोखरतो, उंदीर कड कुरतडतो. पाणी प्यायला उतरलेलं कुत्रं किंवा हरीण घसरून आत पडतं आणि जिवाच्या आकांताने वर येताना नखाखुरांनी कागद ओरबाडतं. मोटारीचा फुटव्हॉल्व्ह ओढताना घासतो. गाळ काढायला आत उतरलेला गडी फावडं वापरतो, खरं तर पत्र्याची कोणतीही वस्तू आत न्यायची नाही. आणि रिकाम्या तळ्यात वारा शिरला की कागद फडफडून स्वतःच स्वतःला झिजवतो. यातलं काहीच दुकानदाराच्या हमीपत्रात बसत नाही. हमीपत्राची बारीक अक्षरं वाचायला चष्मा लागतो आणि वाचून झाल्यावर तो काढून ठेवावासा वाटतो.

ठिगळ लावायला तालुक्याहून एक पोरगा आला, हीट गन आणि पन्नास मीटर वायर घेऊन. सकाळी सहालाच. वारा सुटला की धूळ उडते आणि धुळीवर जोड बसत नाही. दोराला धरून तो उतारावर उतरला, आधी चीर पडलेली जागा कोरड्या फडक्याने पुसली, मग पॉलिश पेपरने घासून वरचा मळका थर काढला. वरच्या चिरीपेक्षा चारी बाजूंनी वीतभर मोठा तुकडा कापला आणि त्याचे कोपरे गोल केले. टोकदार कोपरा आधी सुटतो. दोन थरांच्या मधे गरम हवा सोडत सोडत एका हाताने रबरी रोलर दाबत पुढे सरकला. कड वितळून किंचित चकाकली की पुढे जायचं; धूर निघाला तर कागद जळाला. शेवटी स्क्रू ड्रायव्हरचं टोक जोडाच्या कडेने फिरवून कुठं आत शिरतंय का बघितलं. एके ठिकाणी शिरलं. तेवढं त्याने पुन्हा भाजलं. पाण्याखालच्या चिरीसाठी दाजींनी दोन दिवस बागेला जरा हात सैल सोडून पाणी दिलं आणि पातळी खाली घेतली.

काम झाल्यावर पोरगा वर आला आणि जे म्हणाला ते मला महत्त्वाचं वाटलं. “तात्या, खालचा जोड पक्का बसलाय. वरच्याचं मी सांगत नाही.” चीर तशीच, हात तोच, मग फरक कशाचा? कागदाचा. पाण्याखाली राहिलेला कागद अजून तरुण होता. वरचा दीड-दोन मीटरचा पट्टा, जो वर्षातले आठ महिने उन्हात उघडा असतो, तो म्हातारा झाला होता. कागदात काजळी मिसळतात ती उन्हातल्या अतिनील किरणांना अडवायलाच, म्हणून तो काळा असतो. पण काजळी मरण लांबवते, टाळत नाही. एकाच कागदाची अशी दोन वयं असतात. भोकाकडे बघून निर्णय घेणाऱ्याला हे दिसत नाही.

बघायची रीत साधी आहे. चारीपाशी, जिथे कागद सर्वांत जास्त तापतो, तिथली मोकळी कड हातात घ्यायची आणि घडी घालून बोटांनी दाबायची. नुसती घडी पडली आणि सोडल्यावर उलगडली तर कागदात जीव आहे. घडीवर पांढरी रेघ उमटून बारीक तडे दिसले तर तो संपत आला. आणि पापडासारखा मोडला तर ठिगळाचे पैसे वाचवा. मोडणाऱ्या कागदावर तापवून जोडलेला तुकडा स्वतः टिकतो, पण त्याच्या कडेला लागूनच जुना कागद नव्याने फाटतो. अशी तळी मी पाहिली आहेत, जिथे ठिगळांच्या कडेला ठिगळं आहेत आणि मालक दर वर्षी म्हणतो की एवढ्या वर्षी निभावून नेऊ. पाच वर्षांच्या निभावण्याची बेरीज नव्या कागदाच्या किमतीजवळ जाते. ती बेरीज कोणी करत नाही, कारण दर वर्षीचा आकडा लहान असतो.

दाजींच्या कडेवर पांढरी रेघ उमटली. म्हणजे निकाल लागला होता: कागद बदलायचा. पण मे महिन्यात नाही.

हा मुद्दा तिऱ्हाइताला चटकन कळत नाही. त्यांनी अंबिया बहार धरलेला, झाडावर फळ होतं, तोडा जुलै-ऑगस्टात. कागद बदलायचा तर तळं रिकामं करायला हवं, आणि तळं तर आत्ताच लागतं. पाण्याची गरज संपेल तेव्हाच कागद बदलायची सोय होते. सांगोल्याकडे मोसमी पावसाचं सुरुवातीचं दान बेताचंच. खरा पाऊस परतीचा, सप्टेंबरातला. म्हणजे तोडा संपल्यापासून परतीचा पाऊस येईपर्यंत जी थोडी मोकळीक मिळते, तीच काय ती वेळ. तोवर ठिगळ. आपण दुरुस्ती आणि बदल हे एकमेकांसमोर उभे करतो आणि एक निवडू बघतो. दाजींनी ठिगळ लावून बदलाची तारीख विकत घेतली, आणि त्याच आठवड्यात कागदाची रक्कम वेगळ्या खात्यात टाकली. दुसरी गोष्ट केली नसती तर पहिलीला मी निर्णय म्हटलं नसतं, चालढकल म्हटलं असतं.

जुना कागद निघाला तेव्हा मी तिथे होतो, आणि सगळ्या प्रकरणात मला सर्वांत जास्त शिकवून गेला तो दिवस. पूर्व अंगाच्या त्या फुगवट्याखाली मुठीएवढा धारेचा दगड होता. तळं खोदताना पोकलेनने उघडा पाडलेला, घाईत कोणी काढला नाही, आणि वर पाण्याचा भार पडत राहिला तसतसा तो कागदात रुतत गेला. उंदीर, कुत्रं, दुकानदार सगळ्यांवर संशय घेऊन झाला होता. खालच्या चिरीखालीही तसाच एक, लहान. हे बघितल्याशिवाय नवा कागद टाकला असता तर तो त्याच दोन जागी फाटला असता, फार तर एका वर्षाने उशिरा. दोन दिवस माणसं लावून सगळा उतार हाताने वेचला, टोकं आलेली जागा चोपली, वर चाळलेल्या मातीचा थर दिला, लव्हाळ्याच्या गाठी खणून काढल्या. दाजींचा शेजारी म्हणत होता, जुना कागद राहू दे खाली, त्यावरच नवा टाका, गादी होईल. गादी होते हे खरं. पण दगड गादीखालीही दगडच राहतो. जुना कागद काढून घेतला आणि त्यातला चांगला भाग मुरघासाच्या खड्ड्यावर आणि कडब्याच्या गंजीवर गेला.

नवा कागद पहाटे अंथरायला घेतला. पॉलिथिन तापलं की वाढतं, गार झालं की आखडतं. तीस मीटर लांबीत दुपार आणि पहाट यांच्यात दहा-पंधरा सेंटिमीटरचा फरक पडू शकतो. भर दुपारी ताणून बसवलेला कागद रात्री आखडतो आणि चारीतून उपसून येऊ बघतो, नाहीतर तळाच्या कोपऱ्यात जमीन सोडून अधांतरी ताठ होतो, आणि मग पाण्याचं वजन त्याला फाडतं. म्हणून ढील ठेवायची. ताणून बसवलेला कागद नीटनेटका दिसतो, फोटो चांगला येतो. सुरकुत्या पडलेला कागद जास्त वर्षं जातो.

जाता जाता एक टोचणारी गोष्ट. ज्या महिन्यात तळं गळत होतं, त्या महिन्यात उताराच्या खालच्या अंगाच्या विहिरीला, इतरांच्या मानाने, बरं पाणी होतं. १९७२च्या दुष्काळापासून आपण गावोगाव पाझर तलाव बांधले ते पाणी जमिनीत मुरावं म्हणूनच. शेततळ्याला कागद घालून आपण नेमकं ते मुरणं बंद करतो, आणि बऱ्याच ठिकाणी तर विहिरीतलं, बोअरमधलं पाणी उपसून ते उघड्यावर उन्हाला देतो. पावसाचं वाहून जाणारं पाणी साठवायला तळं असेल तर त्याच्या कागदावरचा खर्च मला पटतो. बोअरच्या पाण्यासाठी असेल तर कागद नवा असो की ठिगळाचा, हिशेब मुळातच चुकीच्या पानावर मांडलाय असं माझं मत आहे. दाजींना हे मी बोललो. ते म्हणाले, “खरंय. पण बाग माझी हाय.” या उत्तराला माझ्याकडे अजून उत्तर नाही.

तुमच्याकडे तळं असेल, किंवा भाच्यासारखा तलाव असेल, तर भोक दिसताच ठरवू नका. बादली सोडा, कड घडी घालून बघा, कॅलेंडर बघा, आणि बदलणारच असाल तर खाली काय आहे ते हाताने चाचपून बघा. आणि एक काम मात्र निर्णयाची वाट न बघता आजच करा. ओल्या, शेवाळलेल्या कागदावर पाय घसरला की पट्टीचा पोहणाराही त्या उतारावरून वर येऊ शकत नाही. धरायला काही नसतं. दर उन्हाळ्यात शेततळ्यात बुडालेल्या माणसांच्या, पोरांच्या बातम्या येतात. तळ्याच्या चारी बाजूंना, तळापर्यंत पोचतील असे, हात-हात अंतरावर गाठी मारलेले जाड नायलॉनचे दोर बांधून सोडा. भोवती कुंपण घाला. एक हवा भरलेली ट्यूब दोरीसकट बांधावर ठेवा. नव्या कागदाच्या खर्चात हे मोजायलाही येत नाही.